मागची सीट

“आवं, ह्येला मागचं दार कुटं हाय?”

चंद्रा गाडीभोवती एक पुरी चक्कर मारून आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि दशम्या. साताऱ्याहून सांगलीला यायचं म्हटलं तरी आमच्या बायकोची तयारी मुक्कामाची असते.

“मागचं दार न्हाई,” मी म्हणालो. “मागं सीटच न्हाई. दोनच सीटा. आन् वरचं टप उघडतंय, बघ.”

“दोनच?”

“दोनच.”

राजवर्धन हसला. विश्रामबागेच्या पुढे त्याचं पत्र्याचं शेड आहे. जुन्या गाड्या आणतो, हौसेनं दुरुस्त करतो आणि विकतो. “काकू, हिला रोडस्टर म्हणत्यात. मागं कुणाला घ्यायचंच न्हाई, ह्येच तर हिचं सुख.”

चंद्रानं त्या लाल गाडीकडे पुन्हा पाहिलं. गाडी वीसेक वर्षांची, बसकी, फायबरच्या अंगाची. पण राजवर्धननं अशी घासूनपुसून ठेवली होती की तिच्या दारात तोंड दिसावं. चंद्रानं त्या दारात आपला पदर सारखा केला आणि विचारलं, “मग मी कुटं बसू?”

ती चेष्टा करत नव्हती. खरंच विचारत होती.

माझं उत्तर तयार होतं. ‘माझ्या शेजारी.’ दोन शब्द. गाडी घ्यायची ठरल्यापासून चार महिने मी ते मनात घोळवत होतो. पण ऐन वेळी मी उगाच टायरला पायानं दाबून हवा बघितल्यासारखं केलं आणि राजवर्धनला म्हणालो, “किल्ली दे बघू. एक चक्कर मारून येतो.”

साठीच्या माणसाला असल्या गाडीचं खूळ लागलं कुठून, हे आता सांगायला पाहिजे.

माझं नाव लालासाहेब. वडिलांनी हौसेनं नावात साहेब घातला, पण तो फौजेच्या गेटवरच गळाला. तिथं मी लाला झालो. सतरा वर्षं फौजेच्या गाड्या चालवल्या. पेन्शन घेऊन आलो तो साताऱ्याच्या एमआयडीसीत भरतेश साहेबांकडे लागलो. साहेब सांगलीचे, देवमाणूस. पण तिथंही मी लालाच. बावीस वर्षं. म्हणजे एकोणचाळीस वर्षं माझ्या मानेमागं कुणी ना कुणी बसलेलं. लाला, चलो. लाला, थांब. लाला, जरा एसी कमी कर. आवाज मागून यायचा आणि मी ‘जी साब’ म्हणायचो. घरी जेवताना कुणी पाठीमागून हाक मारली तरी माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. नातेवाईक हसायचे. मीही हसायचो, पण आतून जाम चीड यायची.

फौजेत आमचा उस्ताद होता, त्यानं पहिल्या दिवशी दोन गोष्टी डोक्यात ठोकून बसवल्या. एक, आतला आरसा मागच्या रस्त्यासाठी असतो, मागच्या साहेबाचं तोंड बघायला नाही. आणि दुसरी, “जो सामने बैठेगा, वो रोड पढ़ेगा.” पुढे बसणाऱ्यानं रस्ता वाचायचा. मैलाचे दगड, पाट्या, वळणं, सगळं ड्रायव्हरला सांगायचं. पुढच्या सीटवर झोपायचं नाही आणि शोभेला बसायचं तर अजिबात नाही. डोंगरातल्या रस्त्यांवर हा नियम बरोबरच होता. माझं नशीब फुटकं, मी तो घरी घेऊन आलो.

तर भरतेश साहेबांकडून सुटलो, तेव्हा ठरवलं की आता एक गाडी स्वतःसाठी घ्यायची. तिला मागची सीटच नसेल अशी. मागं कुणी बसणार नाही, मागून कुणी बोलणार नाही. हे कारण मी सगळ्यांना सांगत होतो. पोराला, शेजाऱ्यांना, गोडोलीच्या आमच्या कट्ट्यावर. ऐकून लोक हसायचे, टाळी द्यायचे. कारण खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

जयराजला मात्र ते पटलं नाही. जयराज माझा मुलगा, पुण्यात असतो. फोनवर म्हणाला, “दादा, येडेपणा नका करू. ती गाडी म्हंजे खेळणं हाय. आईला गुडघ्यानं खाली बसता येत न्हाई, तुमी तिला जमिनीला टेकलेल्या गाडीत घालणार? आमी दिवाळीला आलो तर टपावर बसू काय? चार दारांची छोटी गाडी घ्या. त्यातलं स्पोर्ट मॉडेल बघा, पळायला तुमाला हवं तसं हाय.”

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. गुरुवारी साताऱ्याच्या शोरूममध्ये मी ती गाडी चालवून बघितली होती. राखाडी रंगाची, सीटांना लाल शिलाई, आणि गिअर असा पडायचा की लोण्यात सुरी. शोरूमची रेश्मा नावाची मुलगी बरोबर होती. तिनं पुढचं दार उघडून धरलं, “काकू, तुम्ही पुढं बसा ना, मी मागं बसते.”

“नगं बाई, मी मागंच,” असं म्हणून चंद्रा मागं बसली सुद्धा. पाय ऐसपैस, पिशवी मांडीवर.

रेश्मानं माझ्याकडे पाहिलं. मी आरशाकडे न बघता गाडी सुरू केली.

हे आमचं नेहमीचं. एकवीस वर्षांचं. घरात आधी जुनी मारुती व्हॅन होती, नंतर एक छोटी गाडी, ती यंदाच विकली. पुढच्या सीटवर जयराज. तो पुण्याला गेला, पुढची सीट रिकामी झाली, तरी चंद्रा मागंच. पेट्रोलपंपावर एकदा एकानं काच खाली करायला लावून विचारलं होतं, “मॅडमना बिल पाहिजे का, विचारा की ड्रायव्हर.” मॅडम मागं शेंगा सोलत होत्या. मी त्याच्यावर असा डाफरलो की बिचारा दोन पावलं मागं सरला. त्याची काय चूक? नवरा-बायको दोघंच गाडीत, बायको मागं, नवरा पुढं. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

“पुढं ये,” एवढं म्हणायला मला एकवीस वर्षं जमलं नाही. म्हणायला गेलं की मिरज आठवायची.

म्हणून ती दोन सीटची गाडी. आता कळलं असेल. त्या गाडीत चंद्राला माझ्या शेजारी बसावंच लागलं असतं आणि मला काहीच बोलावं लागलं नसतं. माफी मागायचं टाळायला मी अख्खी गाडी घ्यायला निघालो होतो. इतका मी शहाणा.

तर किल्ली घेतली आणि निघालो. हरिपूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, त्यांच्या सावल्या डोक्यावरून सरसर मागं जात होत्या. टप उघडं. वारं असं की डोळ्यांत पाणी. एका म्हाताऱ्यानं सायकल थांबवून हात केला. मी हॉर्न दिला आणि त्या हॉर्नचा किरटा आवाज ऐकून मोठ्यानं हसलो. मानेमागं कुणी नाही! खरं सांगतो, दोन मैल मी वीस वर्षांचा झालो होतो.

संगमापाशी गाडी वळवताना डावीकडे बघितलं. शेजारची सीट रिकामी. वाऱ्यानं तिच्यावर चिंचेचा पाला येऊन पडला होता. तो मी हातानं झाडला आणि परत फिरलो. परत येताना गाडी तीच होती, वारं तेच होतं, पण मला आपलं सारखं तिकडं बघावंसं वाटत होतं.

शेडमध्ये चंद्रा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. राजवर्धन फोनवर बोलत बाहेर गेला. मी म्हणालो, “चल, बस. एक चक्कर मारू.”

“नगं.”

“अगं बस की. गुडघ्याला तरास झाला तर मी हात देतो.”

“गुडघ्याचं काय न्हाई. तुमाला आवडली न्हवं? घ्या की मग. मी यष्टीनं हिंडीन. मला तिकीट बी अर्धंच पडतंय.”

मला राग आला. माझा राग कधीही चुकीच्या वेळेला येतो. “यष्टीनं कशाला? एवढी सीट रिकामी हाय, ती काय दगड ठिवायला?”

चंद्रानं बाटलीचं झाकण लावलं. नीट, पीळ देऊन. मग म्हणाली, “पुढं बसणाऱ्यानं रस्ता वाचायचा असतोय. तुमीच सांगितलं हुतं. मिरजंत.”

आवाजात राग नाही, रुसवा नाही. दूधवाला किती वाजता येतो हे सांगावं तसं सांगितलं. आणि मी त्या शेडमध्ये, हातात किल्ली घेऊन, उभ्या उभ्या खाली खाली गेलो.

मला वाटत होतं ती विसरली. हेच माझं पांघरूण होतं. मला आठवतंय पण ती विसरली.

तेव्हा व्हॅन नवीनच घेतली होती, म्हणजे आमच्यासाठी नवीन. सासूबाई मिरजेत दवाखान्यात होत्या. धोंडुबाई त्यांचं नाव. माणूस खंगून काडी झालेलं. आम्ही साताऱ्याहून निघालो. चंद्रा पुढं माझ्या शेजारी, आठ वर्षांचा जयराज मागं. घरच्या गाडीत ती पुढं बसली ती पहिलीच वेळ. नवं लुगडं नेसली होती. आजारी आईला बघायला जाताना कसलं नवं लुगडं, म्हणून मी घरातच एकदा बोललो होतो.

मिरजेत पावलागणिक दवाखाना. मला गाव नवीन. मी म्हणालो, “पाट्या बघ, नाव सांग.” ती बघत होती. मान बाहेर काढून, डोळे ताणून बघत होती. चंद्राला पहिलीतूनच शाळेतून काढलेली, भावंडं सांभाळायला. ते मला माहीत होतं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, माहीत नसायला काय झालं? पण गर्दी, ऊन, मागून हॉर्न. त्या दवाखान्यावरून आम्ही दोनदा गेलो. तिसऱ्यांदा वळलो, तेव्हा माझ्यातला उस्ताद जागा झाला. सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांपुढे मी व्हॅन उभी केली आणि ओरडलो.

काय ओरडलो ते शब्दन् शब्द आठवतं. “पुढं बसणाऱ्यानं रस्ता वाचायचा असतो! शोभंला बसायचं न्हाई पुढं! वाचता येत न्हाई तर जा, मागं बस. जयू, तू ये पुढं.”

दुकानातली माणसं तारा लावता लावता थांबून बघत होती. चंद्रा उतरली. व्हॅनचं मागचं सरकतं दार तिला उघडेना, तर जयराजनं आतून उघडलं. तो पुढं आला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यानं बोट दाखवून घडाघडा नाव वाचलं. मी त्याला “शाब्बास!” म्हणालो. तेही मोठ्यानं.

एवढ्यावर संपलं असतं तरी बरं. मी गाडी लावून वर गेलो, तेव्हा खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. सासूबाईंनी चंद्राचा हात धरला होता. त्यांनी विचारलं, “कशी आलीस गं पोरी? यष्टीनं?”

“न्हाई आई,” चंद्रा म्हणाली. “घरच्या गाडीनं. त्यांच्या शेजारी पुढं बसून आली.”

म्हातारीचं तोंड उजळलं. ती चंद्राचं लुगडं चाचपून बघत होती. मी दाराबाहेरच उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. चौथ्या दिवशी सासूबाई गेल्या. लेक पुढं बसून आली हे समाधान घेऊन गेल्या.

आणि त्या दिवसापासून चंद्रा मागं बसायला लागली. मी एकदाही म्हटलं नाही की पुढं ये.

राजवर्धन फोन संपवून आला. “काय काका, ठरलं न्हवं?”

“कळवतो,” मी म्हणालो आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. एसटीत ती बसते शेजारी, तिथं गाडी माझी नसते. आष्टा गेलं, पेठ नाका गेला. दशम्या खाल्ल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. मी मनाशी वाद घालत होतो. जिला मी भररस्त्यात उतरवून मागं पाठवलं, तिला आता मागं जागाच नाही अशा गाडीत कोंबायचं, आणि म्हणायचं, झालं, फिटलं! म्हणजे पुन्हा मीच ठरवणार तिनं कुठं बसायचं. कऱ्हाड येईपर्यंत माझी मलाच घाण वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी राजवर्धनला फोन केला. “न्हाई घेत.”

“काका, अशी परत मिळायची न्हाई. डोळ्यांत दिसली हुती मला तुमची हौस.”

“व्हय,” मी म्हणालो, “हौस हुती.” आणि फोन ठेवला. मग चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसलो. उगाच कशाला लपवू? त्या लाल गाडीसाठी जीव तुटला माझा.

राखाडी गाडी एका रविवारी मिळाली. रेश्मानं पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली आमच्या हातात देऊन फोटो काढला. चंद्रानं गाडीला हळदीकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मग मी जे ठरवून आलो होतो ते केलं. मी पुढून वळसा घालून डावीकडे गेलो आणि पुढचं दार उघडून धरलं. एकोणचाळीस वर्षं साहेबलोकांसाठी धरत होतो तसं. टाचा जुळलेल्या, पाठ ताठ, एक हात दारावर. फरक एवढाच की ते मागचं दार असायचं.

“बस,” मी म्हणालो.

चंद्रा बघत राहिली. शोरूमची चार माणसं बघत होती, रेश्मा हसत होती. चंद्राच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. “आवं, लोकं बघत्यात,” ती पुटपुटली.

“बघू दे.”

ती पुढं आली. माझ्या हाताखालून वाकली, आपली जड पिशवी पुढच्या सीटवर नीट टेकवून ठेवली, आणि मागचं दार उघडून मागं बसली. तिच्या भावाकडे, मिरजेपुढच्या आरगला, जायचं होतं. पिशवीत त्याच्यासाठी दहा किलो इंद्रायणी तांदूळ आणि लाडवांचा डबा.

मी तसाच दार धरून उभा. मग लावलं. दुसरं काय करणार?

गाडी रस्त्याला लागली आणि टिंग टिंग टिंग वाजायला लागली. काही केल्या थांबेना. चंद्रा मागून म्हणाली, “नवी कोरी गाडी, आन् बिघडली व्हय?”

“न्हाई गं. पुढच्या सीटवर वजन हाय, पट्टा न्हाई, म्हणून बोंबलती.”

“मग लावा की तांदळाला पट्टा.”

मी गाडी बाजूला घेतली आणि पिशवीभोवती पट्टा ओढून लावला. चंद्रा पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही हसू आलं, पण ते काही बरं हसू नव्हतं.

हायवेला मी एक गोष्ट केली. आतला आरसा खाली वळवला. मागचा रस्ता दिसेना, चंद्रा दिसायला लागली. तिला असं मागं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. केस किती पांढरे झालेत! ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. जरा थांबायचे, पुन्हा हलायचे. मला वाटलं, नामस्मरण करत असेल. ती देवदेव कधीपासून करते, मला कुठं माहीत होतं? नागठाणे गेलं, अतीत गेलं, काशीळ गेलं. ओठ हलतच होते.

मिरजेत शिरलो तेव्हा बारा वाजत आले होते. आरगला बाहेरूनही जाता येतं. पण माझा हात का कुणास ठाऊक गावात वळला. गावातले रस्ते बदललेले. समोर जरा मोकळी गल्ली दिसली, मी तिकडं स्टेअरिंग फिरवलं.

“आत घालू नगा,” मागून आवाज आला. “‘प्रवेश बंद’ लिवलंय. ‘एकेरी मार्ग’.”

माझा पाय ब्रेकवर पडला. खरोखरच्या ब्रेकवर. गाडी गचकन थांबली. मी मान वळवून बघितलं. कोपऱ्यावर अर्धवट पोस्टरनं झाकलेली पाटी होती. प्रवेश बंद. एकेरी मार्ग.

“तुला वाचता येतं?”

“येतंय की.”

सही येते हे मला ठाऊक होतं, बचत गटात शिकली होती. तेवढंच येतं असं मी धरून चाललो होतो. “कवापासनं?”

“लय वर्सं झाली. जयूची पुस्तकं हुती की घरात. त्येच्याकडनं अक्षरं घेतली. आन् पुढचं मागं बसून झालं. मागं बसून दुसरं काय करायचं? रस्त्यानं पाट्याच पाट्या.”

मागं गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू झाले. मला ते ऐकू येत होते पण माझ्यासाठी आहेत असं वाटत नव्हतं. एकवीस वर्षं ही बाई माझ्या मानेमागं बसून शिकली आणि मी आरसा बघितला नाही.

“मग सांगितलं का न्हाईस मला?” माझा आवाज चिरकला. “एका शब्दानं सांगायचं हुतं!”

“काय सांगायचं?” चंद्रा म्हणाली. “आता येतंय वाचायला, घ्या मला पुढं, असं? नवऱ्याच्या शेजारी बसायला परीक्षा पास व्हावं लागतंय व्हय?”

तिनं हे काही टोचायला विचारलं नव्हतं. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. तिला खरंच उत्तर हवं होतं. साठ वर्षांचा गडी, बर्फातून गाड्या काढलेला, स्टेअरिंग धरून बसून राहिलो. लाज वाटते म्हणजे काय होतं, तर कान गरम होतात. एवढंच कळत होतं.

“चंद्रा,” मी म्हणालो, “माझं चुकलं.”

एकवीस वर्षं लागली त्या दोन शब्दांना, आणि ते हॉर्नच्या गोंगाटात असे गेले की तिला ऐकू गेले की नाही कळेना. म्हणून मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. मोठ्यानं बोलायची सवय मला आहेच. “माझं चुकलं. लय चुकलं. तवा बी आन् नंतर बी. पुढं येतीस?”

ती मग पुढं झुकली. माझ्या खांद्यावर हात पडला. हलका, दोनदा थोपटल्यासारखा. पोराला झोपवताना थोपटायची तसा.

“मला हितं बरं हाय,” ती म्हणाली. “तुमी पुढं बघून चालवा. लोकं कवाची वराडायलीत.”

मी आरसा होता तसा वर केला. रस्ता दिसायला लागला. गाडी सरळ घेतली. सतारींच्या दुकानांवरून हळू हळू पुढं आलो. एका दुकानात अजून कुणीतरी तार लावत होतं. दुकानं संपली आणि डाव्या हाताला तो दवाखाना आला. वर दोन मजले चढलेत, पाटी नवी आहे, पण जागा तीच.  मागून आवाज आला.

आधी दवाखान्याचं नाव. अक्षर अक्षर जोडून, पण न अडखळता. मग डॉक्टरांचं. मग त्यांच्या डिग्र्या, टिंबांसकट. मग खालची बारीक अक्षरं. “तपासणीची वेळ, सकाळी दहा ते दुपारी दोन. सायंकाळी पाच ते आठ. रविवारी बंद.”

तिनं सगळी पाटी वाचली. उशाशी बसून कुणाला तरी वाचून दाखवावी तशी, मोठ्यानं. माझ्यासाठी वाचत नव्हती, एवढं मला कळलं.

मी गाडी अजून हळू केली, पाटी संपेपर्यंत. शेजारच्या सीटवर पट्टा बांधून तांदळाची पिशवी बसली होती.